आरसाबाईंच्या उजव्या घोट्याची कैफियत

ऐकणारांनी सावधचित्त होऊन ऐकावे. एके शहरी, एका पदपथावर, सकाळी दहाचे सुमारास जो प्रसंग गुदरला आणि पुढे चौदा महिने कागदांवर जे युद्ध चालले, त्याची हकीकत जशी घडली तशी, कोणाची भीड न धरता, येथे लिहून ठेविली आहे. कागद पाहिले, माणसे पुसली, जागा पावलांनी मोजली आणि मगच लेखणी उचलिली. जेथे दोघांनी दोन गोष्टी सांगितल्या तेथे दोन्ही लिहिल्या. याउपरी मजकूर येणेप्रमाणे.

त्या शहरी मोटार हाकणे शिकविण्याची शाळा चालविणाऱ्या एक बाई होत्या. वय वर्षे छप्पन्न, बांधा ठेंगणा, आवाज खणखणीत. त्यांस अवघे शहर आरसाबाई म्हणे, कारण शिकाऊ उमेदवार गाडीत बसला की पहिला हुकूम 'आरसा बघ' हा सुटे, आणि दर पाच अंक मोजून पुन्हा सुटे, आणि बाईंच्या हाताखालून गेलेली माणसे पुढे जन्मभर जेवतानादेखील एकदा मागे पाहून घेत, असे सांगतात. बाईंचे वाहन म्हणजे पांढरी छोटी मोटार, माथ्यावर 'शिकाऊ' अशा अक्षरांचे निशाण, आणि पोटात दोन ब्रेक. एक उमेदवाराचा आणि दुसरा शेजारी बसलेल्या बाईंच्या उजव्या पायाखाली. राज्य सगळे त्या दुसऱ्या ब्रेकवर चाले. एकतीस वर्षांत त्या मोटारीस ओरखडा म्हणून गेला नव्हता, आणि बाईंचा आणखी एक रिवाज असा होता की उमेदवाराची चूक जाहली तर त्याने गाडी कडेस घेऊन ती आधी आपल्या तोंडाने सांगावी, मग बाई बोलतील. कित्येक थोरामोठ्यांनी त्या मोटारीत आपापल्या चुका कबूल केल्या आहेत, ज्या त्यांणी घरी कधी केल्या नाहीत.

ऐसे असता, एके मंगळवारी, आरसाबाई उमेदवारांचे परवान्याचे अर्ज बगलेत घेऊन झेरॉक्सच्या दुकानी निघाल्या. स्वारी पायी, एकटी, पायात सपाट तळाचे बूट, ऊन कोवळे, पदपथ कोरडा. तो पाठीमागे सायकलीची घंटा वाजली. मग बाईंनी रिवाजाप्रमाणे उजव्या खांद्यावरून मागे नजर टाकिली, आणि सायकलीस वाट देण्यास दुकानांच्या अंगास सरकल्या, आणि सायकल निघून गेली, आणि बाईंनी मान पुढे वळविली न वळविली तोच डाव्या हातच्या गालिच्यांच्या दुकानातून एक गुंडाळलेला गालिचा, लांबी सात हात, जाडी तोफेच्या नळीएवढी, ठेंगण्या ढकलगाडीवर आडवा निजलेला, दाराशी असलेल्या उतारावरून बाहेर सुटला. त्याचे तोंड बाईंच्या नडगीस लागले. बाई दोन पावले रस्त्याकडे फेकल्या गेल्या, उजवा पाय पदपथाच्या कडेवरून मुडपला, आणि 'कट' असा आवाज जाहला. झेरॉक्सवाला म्हणतो, तो त्यास दुकानात बसून ऐकू आला. यात अतिशयोक्ती असावी.

गालिच्याच्या दुसऱ्या टोकास, सात हात मागे, दुकानाचा हमाल होता. मान वाकवून गाडी ढकलणारा, खांद्याने रुंद, स्वभावाने मुका म्हणावा इतका कमी बोलणारा गडी. तो गालिचा तेथेच टाकून धावला, आणि बाईंस उचलून दुकानातल्या खुर्चीत बसविले, आणि पाणी आणिले, आणि रिक्षा येईपर्यंत शेजारी उभा राहिला. अर्ज पदपथावर पसरले होते, ते त्याने एकेक करून गोळा केले आणि झटकून बाईंच्या मांडीवर ठेविले.

इस्पितळी क्ष-किरणांची तस्वीर निघाली. घोटा दोन जागी मोडला होता. हाडांच्या वैद्यांनी आत लोखंडाचे दोन खिळे बसविले, वरून गुडघ्यापर्यंत प्लास्टर चढविले, आणि फर्मावले की सहा महिने या पायाने ब्रेक दाबू नये, आणि त्यापुढे काय होईल ते त्यापुढे पाहू. म्हणजे शाळेस कुलूप. मोटार दारात खोळ घालून उभी राहिली. उमेदवार चार दिवस विचारपूस करोन गेले आणि मग दुसऱ्या शाळांत नावे घालू लागले.

आता यजमानांची हकीकत. आरसाबाईंचे यजमान हे वाचनालयातून सेवानिवृत्त जाहलेले, शांत, पापभीरू गृहस्थ. त्यांणी या संकटात कसर ठेविली नाही. प्लास्टर भिजू नये म्हणोन रोज सकाळी त्यावर प्लास्टिकची पिशवी चढवून दोन रबरांनी बांधीत, चहा करीत, उशी पायाखाली सारीत. पण तिसरे दिवशी, उशी सारता सारता, सहज बोलून गेले.

"तूही जरा पुढे बघायला हवं होतंस गं."

यजमान स्वयंपाकघरात गेले आणि दूध उतू जाऊ नये म्हणोन तेथे उभे राहिले. घोटा मोडला तेव्हा बाईंच्या डोळ्यांत पाणी आले नव्हते. ते या वेळी आले, आणि पुसायास रुमाल लांब होता म्हणोन तसेच वाळले.

मग बाईंच्या थोरल्या बहिणीची लेक, जिला वकिलीची सनद मिळून चौथे वर्ष होते आणि जिचा काळा कोट अजून कोरा करकरीत होता, ती भेटीस आली. तिने प्लास्टर पाहिले, हकीकत ऐकिली, वही काढिली, आणि मोहीम जाहीर केली. दावा लावावा, गालिचेशेटकडून भरपाई घ्यावी. परंतु मुलूख कठीण होता. त्या प्रांती कसुरीचा कायदा फार जुना आणि फार कडक. दुखापत ज्यास जाहली त्याची स्वतःची कसूर तिळभर जरी ठरली, शंभरात नव्याण्णव हिस्से समोरच्याची आणि एक हिस्सा आपली, तरी दावा अवघाच बुडे आणि हाती भोपळा येई. अर्धे मिळणे, पाव मिळणे, ऐसा प्रकारच नाही.

"म्हणजे मावशी, तुझ्याकडं शून्य चूक हवी," भाची म्हणाली. "शून्य म्हणजे शून्य."

"पोरांना परवाना मिळायला वीसातल्या तीन चुका चालतात," बाई म्हणाल्या.

"इथं नाही चालत."

मग भाचीने गालिचेशेटच्या नावे खलिता रवाना केला. गालिचेशेट हे तीन मजली दुकानाचे धनी, बोलण्यात मऊ, चालण्यात सावकाश, गालिच्यावरून चालून चालून पावलांचा आवाज हरपलेले. त्यांणी आपले वकील नेमिले. हे वकील जुने, मुरब्बी, सोनेरी काडीचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर ठेवून त्यावरून पाहणारे, म्हणोन कचेरीत त्यांस चष्मेवकील म्हणत. त्यांचे उत्तर सतरा पानांचे आले. त्यात म्हटले होते की बाईंचे बूट झिजलेले असावेत, आणि बाई घाईत असाव्यात, आणि बगलेतल्या अर्जांच्या भाराने त्यांचा तोल गेला असावा, आणि जन्म मोटारीत गेल्यामुळे त्यांस पायी चालण्याचा सराव नसावा, आणि सर्वांवर कळस म्हणजे हमालाने बाहेर पडण्याआधी 'बाजूला, बाजूला, बाजूला' असा तीन वेळा पुकारा केला असता बाईंनी तो कानांआड केला. पायी चालण्याचा सराव नसावा हे कलम बाईंनी दोनदा वाचिले.

भाचीने उलट मोर्चे बांधिले. बूट पुराव्यात दिले. तळ तपासून पाहता झीज नाही. अर्ज वजन करविले. पाव किलोही भरले नाहीत. पण पुकाऱ्याचे कलम काही तुटेना. पदपथावर त्या वेळी दुसरे कोणी नव्हते, सायकलस्वार कोण तो कधी सापडला नाही, आणि हमाल शेटच्या पदरचा.

आठव्या महिन्यात तहाचे बोलणे निघाले. गालिचेशेट खासा बाईंच्या घरी आले आणि भेटीदाखल एक पायपुसणे घेऊन आले. उंची लोकरीचे होते, कडेस नक्षी होती, पण होते पायपुसणे. ते कोठे ठेवावे हे कोणास समजेना, म्हणोन यजमानांनी ते मांडीवर घेऊन बैठक संपेपर्यंत धरून ठेविले. शेटनी फर्मावले की इस्पितळाचा अवघा खर्च आपण माणुसकीने देऊ, मात्र एका कागदावर दस्तखत व्हावे. कागद चार ओळींचा. त्यात लिहिले होते की सदर अपघातास माझाही निष्काळजीपणा अंशतः कारण आहे.

शेट गेल्यावर यजमान म्हणाले, "एक शब्द तर आहे. 'अंशतः'. करून टाक सही आणि मोकळी हो."

"लोक पोरं माझ्या गाडीत का बसवतात, अहो?" बाई म्हणाल्या. "शहरात इतक्या शाळा आहेत. माझ्या सहीचा असा कागद बाहेर फिरला, की कोण बसवेल?"

तह मोडला. पायपुसणे दुसरे दिवशी टपालाने परत रवाना जाहले.

सुनावणीची तारीख लागली. तिच्या आदले दुपारी भाची मसलतीस आली आणि मावशीस साक्षीची तालीम देऊ लागली. तेव्हा आरसाबाईंनी प्रथमच ती गोष्ट सांगितली. सायकलीची घंटा, उजवा खांदा, मागे टाकलेली नजर. भाचीची लेखणी थांबली. तेरा महिन्यांच्या कागदांत ही गोष्ट कोठेच आली नव्हती. चष्मेवकिलांच्या सतरा पानांतही नव्हती, कारण त्यांस ती ठाऊकच नव्हती.

"मावशी, हे त्यांनी विचारलं नाही तर तू सांगायचं नाहीस."

"आणि विचारलं तर?"

भाचीने वहीची कड नखाने दुमडली आणि सरळ केली. मग ती म्हणाली की न विचारोत, आणि चहा न घेता गेली. त्या दुपारी बाई काठी टेकीत खोळ घातलेल्या मोटारीपर्यंत गेल्या आणि परत आल्या. ऐसे सात वेळा केले. यजमान खिडकीतून मोजीत होते.

न्यायालयाची खोली लहान होती. वर एक पंखा, तो फिरे पण वारा दुसऱ्याच कोणास लागे. समोर उंच आसनावर न्यायाधीश साहेब, किडकिडीत, सर्दी जाहलेले, बाजूस रुमालांची रास. खाली कारकून. एका बाकावर गालिचेशेट, त्यांच्या मागे हमाल, इस्त्रीच्या सदऱ्यात अवघडलेला. आरसाबाई काठी टेकीत साक्षीदाराच्या कठड्यात उभ्या राहिल्या. खुर्ची देऊ केली, ती नाकारिली. मग खरे सांगेन अशी शपथ घेतली.

चष्मेवकिलांनी बुटांवर चौदा प्रश्न केले. बाईंनी चौदा उत्तरे दिली. घाईवर नऊ केले. तेही परतविले. अर्जांच्या भारावर चार केले आणि स्वतःच कंटाळले. मग चष्मा पुसला, पुन्हा नाकाच्या शेंड्यावर बसविला, आणि कागद मिटता मिटता, जाता जाता, एक सवाल टाकिला.

"बरं, चालताना तुम्ही पुढेच बघत होतात ना?"

भाचीने मान खाली घातली. यजमान मागच्या बाकावर होते, ते पुढे सरकले. आरसाबाईंनी दोन्ही हात कठड्यावर ठेविले, जसे चाकावर ठेवितात तसे.

"नाही," त्या म्हणाल्या. "मी मागं बघत होते."

चष्मेवकिलांस प्रथम ऐकू आले ते खरे वाटले नाही. त्यांणी पुन्हा विचारिले आणि बाईंनी पुन्हा तेच सांगितले, घंटेसह आणि सायकलीसह. मग वकिलांनी न्यायासनाकडे वळून अर्ज केला की आता काही उरले नाही, वादीने आपल्या तोंडाने कसूर कबूल केली, दावा या क्षणी काढून टाकावा. शेटनी हात जोडिले, कोणास जोडिले ते कळले नाही. भाचीच्या लेखणीचे टोपण मिटल्याचा आवाज जाहला.

न्यायाधीश साहेबांनी नाक पुसले आणि बाईंस पुसले की किती वेळ मागे पाहत होतात.

"आरशात बघतो तेवढा. घंटा वाजली तर मागं बघायचंच असतं, साहेब. न बघणाऱ्याला मी नापास करते. मान पुढं आली तेव्हा समोर रस्ता मोकळा होता. गालिचा समोरून नाही आला. बाजूनं आला."

साहेब काही काळ कागदावर रेघा ओढीत राहिले. मग हुकूम जाहला की मागे पाहिले हे नक्की, पण मागे पाहिल्याने पाय मोडला काय, हे खोलीत बसून समजणार नाही. सबब पुढील मंगळवारी, सकाळी दहा वाजता, न्यायालय खासा जागेवर जाईल, तोच गालिचा त्याच गाडीवर त्याच दारातून निघेल, आणि कोणी तरी नाकासमोर पाहत तेथून चालेल.

त्या मंगळवारी पदपथावर जी फौज उभी राहिली तिची गणती अशी. न्यायाधीश साहेब छत्री घेऊन, कारकून वही घेऊन, दोन्ही वकील, गालिचेशेट, काठीवर आरसाबाई, त्यांजमागे यजमान, आणि झेरॉक्सवाला, जो कोणी न बोलाविता आला. आत दुकानात हमालाने गालिचा गाडीवर चढविला.

साहेबांनी हमालास दारात बोलाविले आणि पुसले की त्या दिवशी जसे नेले तसेच न्यायचे आहे, तर कसे नेले होते ते सांगावे, आणि पुकारा कोठे उभे राहून केला तेही दाखवावे. हमालाने शेटकडे पाहिले. शेटनी गालिच्याकडे पाहिले. हमालाचे घर त्या दुकानावर चाले, हे तेथे सर्वांस ठाऊक होते. मग त्याने बाईंकडे पाहिले, त्यांच्या काठीकडे पाहिले, आणि सदऱ्याच्या खिशातून एक कागद काढिला. माल पोचविण्याची पावती. ती त्याने दातांत धरिली.

साहेब म्हणाले, हे काय. हमालाने पावती दातांतून काढिली.

"असंच होतं, साहेब. गाडी ढकलायला दोन्ही हात लागतात. पुढं चालणारा गडी त्या दिवशी सुट्टीवर होता. पावती ठेवायला जागा नव्हती, म्हणून तोंडात."

"मग तीन वेळा 'बाजूला' म्हणालास ते?"

"तोंडात पावती होती, साहेब," हमाल म्हणाला, आणि ती पुन्हा दातांत धरून गाडीमागे जाऊन उभा राहिला.

कारकुनाने हे अक्षरशः लिहून घेतले. चष्मेवकिलांनी हरकत घेतली की पुकारा जाहला नसेल, परंतु पुढे पाहणाऱ्यास गालिचा दिसलाच असता, आणि मुद्दा तोच आहे. मग कारकुनास चालावयास सांगितले. कारकून नाकासमोर पाहत चालला, गालिचा सुटला आणि कारकुनाच्या गुडघ्यास लागला. हमालाने गाडी हळू सोडिली होती म्हणोन इजा नाही. चष्मेवकील म्हणाले, कारकुनाची दृष्टी मंद आहे, आपण स्वतः चालतो. साहेबांनी पुसले की गालिचा येणार हे आपणास ठाऊक आहे ना. वकील म्हणाले, पुरते ठाऊक आहे. साहेब म्हणाले, चालावे.

मग चष्मेवकील निघाले. चष्मा नाकाच्या मुळाशी नीट बसवून, फाइल छातीशी धरून, नजर समोरच्या खांबावर रोवून, गालिच्याची पुरती खबर असता निघाले. दारासमोर आले. दाराची चौकट पुढे आलेली, भिंत जाड, आतले काही दिसेना. गालिचा आला. वकिलांच्या नडगीस लागला, फाइल हवेत गेली, सतरा पाने पदपथावर पसरली, आणि वकील जे बसले ते थेट गालिच्यावर बसले. कोणी हसले नाही. झेरॉक्सवाला दुकानात निघून गेला. आरसाबाई काठी टेकीत पुढे जाहल्या आणि हात देऊन म्हणाल्या, "पाय टेकवून बघा आधी. एकदम उठू नका." वकिलांनी तसे केले. पाय शाबूत होता. हमाल मग पाने गोळा करू लागला.

त्यानंतर तीन आठवड्यांनी फैसला जाहला. त्या दिवशी यजमानांनी मोटारीची खोळ काढून बाईंस न्यायालयी आणिले, दारात उतरविले, आणि गाडी लावायास जागा शोधण्यास गेले. ते बाईंचेच शिष्य, तिसऱ्या खेपेस पास जाहलेले. जागा सापडून ते वर येईपर्यंत फैसला वाचून संपला होता.

फैसल्याचा सारांश असा. पाठीमागे घंटा वाजली असता मागे पाहणे ही बेफिकिरी नव्हे, ती खबरदारी होय. पुढे पाहूनही तो गालिचा चुकविता येत नव्हता, याची प्रतिवादीच्या वकिलांनी स्वतःच्या अंगाने शाबिती केली आहे. इशारा दिला नाही, पुढे माणूस ठेविला नाही, सबब कसूर अवघी दुकानाची. भरपाई द्यावी. वादीकडे कसूर शून्य.

भाचीने मावशीच्या खांद्यावर हात ठेविला आणि तसाच राहू दिला. गालिचेशेट उठून आवाज न करता निघून गेले. हमालास त्यांणी कामावरून काढिले नाही, कारण सात हाती गालिचा त्याच्याशिवाय कोणास जिन्यावरून उतरविता येत नसे, पण गाडीपुढे चालण्यास दुसरा गडी त्या दिवसापासून कायम जाहला. ही गोष्ट दुकानात जाऊन पाहून लिहिली आहे.

मग आरसाबाई काठी टेकीत कारकुनाच्या मेजाशी गेल्या आणि फैसल्याच्या सहीशिक्क्याच्या नकलेचा अर्ज मागितला. कारकुनाने पुसले, किती प्रती.

"दोन."

"दुसरी कशाला, बाई? एकच लागते."

"एक शाळेत लावायला," बाई म्हणाल्या. "एक घरात लागेल."

कारकुनाने दोन लिहिले. इतक्यात यजमान दम खात जिना चढून वर आले आणि काय जाहले म्हणोन विचारू लागले. बाईंनी त्यांस बाकावर बसविले, पहिली प्रत मिळाली ती त्यांच्या हाती दिली, आणि शेवटची ओळ मोठ्याने वाचावयास सांगितली. यजमानांनी चष्मा शोधिला, लाविला, आणि वाचिली. मग न सांगता एकवार पुन्हा वाचिली.

येणेप्रमाणे उजव्या घोट्याची मोहीम चौदा महिन्यांनी फत्ते जाहली. कसूर शून्य, दोन प्रतींत, शिक्क्यानिशी. मजकूर इतकाच.